ओसरीवरून : रंगाच्या आंत

या सदराच्या नित्य वाचकांस ठाऊकच आहे कीं, मी पेशानें मास्तर. मॅट्रिकपर्यंत शिकलों, पुढें पाठशाळेंत संस्कृताच्या चार पोथ्या उलगडल्या, आणि शाळेच्या घड्याळास किल्ली देण्यापलीकडे यंत्राशीं माझा संबंध कधीं आला नाहीं. असा मनुष्य यंदाच्या उन्हाळ्यांत तीन महिने इंग्लंडांत एका जुन्या मोटारीपाशीं दिवा धरून बसला होता, असें सांगितलें तर आपणांस हंसूं येईल. परंतु घडलें तें असेंच. आणि त्या तीन महिन्यांत जें शिकलों तें घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून आज तेंच सांगावयाचें योजिलें आहे.

प्रकरणाचें मूळ आमच्या वाईच्या वाड्यांत आहे. वाडा आजोबांच्या वेळचा. थोरल्या बंधूंच्या, म्हणजे दादांच्या, नातवाची मुंज येत्या माघांत करावयाची, तेव्हां त्यापूर्वीं भिंतींना लांबी भरून, रंग देऊन वाडा लख्ख करावा असा दादांचा बेत ठरला. सर्वांनीं आपापला वांटा पाठविला. फक्त दादांचा धाकटा मुलगा, जो इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन गांवीं नोकरीस आहे, त्यानें ‘पैसे आतांच पाठवीत नाहीं’ असें कळविलें. त्याचा निरोप चांगला लांबलचक होता. पण पहिल्या ओळीपुढें वाचण्याइतकी शांतता दादांना राहिली नाहीं. त्यांतच त्यानें पाऊणशें वर्षांहून जुनी मोटार विकत घेतल्याची वार्ता आली. मग काय विचारतां! ‘वाड्याला पैसा नाहीं आणि भंगाराला आहे!’ असें म्हणून दादा दोन दिवस जेवतांना कोणाशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं मला म्हणाले, ‘तूं मास्तर आहेस. तुझें तो ऐकतो. एवीतेवी तो तुला बोलावतोच आहे, तर जा आणि चार शब्द सुनाव.’

अशा रीतीनें चार शब्द पदरीं बांधून मी चैत्रांत विलायतेस गेलों.

मोटार पाहिली तेव्हां ते चार शब्द क्षणभर विसरलों हें कबूल केलें पाहिजे. लाल रंग आरशासारखा चकाकत होता. पुढें लांबट नाक, दोन्हीं बाजूंना ऐटदार कमानींचे चिखलपंख, तारांच्या आऱ्यांचीं उंच सडपातळ चाकें, बसावयास दोघांपुरतीच जागा, आणि मागें उघड्यावर बांधलेली पेट्रोलची टांकी. ही एम्. जी. कंपनीची टी. सी. जातीची गाडी, १९४८ सालची. एम्. जी. हीं ‘मॉरिस गॅरेजेस’ या नांवाचीं आद्याक्षरें. ऑक्सफर्डच्या त्या पेढीचा व्यवस्थापक सेसिल किंबर यानें साध्या मॉरिस गाड्यांवर हलक्या व चपळ गाड्या बांधण्यास आरंभ केला. कारखाना १९२९ सालीं अ‍ॅबिंग्डनला आला आणि १९८० पर्यंत तेथेंच होता. टी. सी. ही दुसऱ्या महायुद्धानंतरची त्यांची पहिली गाडी. १९४५ ते १९४९ या काळांत अशा सुमारें १०,००० गाड्या झाल्या. गंमत अशी कीं, पहिल्या टी. सी.चा अनुक्रमांक १ नव्हता, २५१ होता. कारण काय, तर कारखान्याच्या टेलिफोनचा क्रमांक २५१! किंबरला मात्र ही गाडी पाहावयास मिळाली नाहीं. १९४१ सालीं त्याला कंपनी सोडावी लागली, आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजीं लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापाशीं झालेल्या आगगाडीच्या अपघातांत तो मरण पावला. त्याच वर्षीं पुढें टी. सी. बाहेर पडली.

मी गेलों त्याच्या दुसऱ्याच रविवारीं एक गोष्ट घडली. चिरंजीव सूनबाईंना घेऊन फिरावयास निघाले होते. नदीकडच्या वळणावर गाडी वळली आणि सूनबाईंच्या बाजूचें दार आपोआप उघडलें. या गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस असतात, त्यामुळें चालत्या गाडींत दार जरा जरी सुटलें तरी समोरचा वारा त्यांत शिरून तें पुरतें फांकवितो. सूनबाईंनीं हाताला येईल तें धरलें म्हणून निभावलें. घरीं आल्या तेव्हां चेहरा पांढराफटक होता. त्या मला एवढेंच म्हणाल्या, ‘काका, तुम्हींच आतां त्यांना सांगा.’

चार शब्द बोलावयाची वेळ आली असें मी समजलों. पण माझ्या आधींच शेजारचे वृद्ध गृहस्थ कुंपणावरून आंत आले. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला तेव्हां हे तेथें ऐन पंचविशींतले कारागीर होते. आतां सत्तरी गांठली आहे. त्यांनीं दार उघडलें, मिटलें, थोडें वर उचलून पाहिलें, आणि खिशांतला स्क्रू पिळावयाचा पेचकस उलटा धरून त्याच्या लांकडी मुठीनें दाराशेजारच्या खांबावर टक्टक् केलें. एके ठिकाणीं आवाज भरीव आला, वीतभर खालीं बद्द आला. त्यांनीं मला हातानें बोलावून तो आवाज पुन्हां ऐकविला. वर्गांत पाठ चुकलेल्या मुलाचा आवाज जसा ओळखूं येतो, तसा तो मला तत्काल ओळखूं आला.

तेव्हां मला कळलें कीं ही मोटार लोखंडाची दिसली तरी अंगानें लांकडाची आहे. खालची चौकट पोलादी. तिच्यावर अ‍ॅश नांवाच्या झाडाच्या लांकडाचा सांगाडा उभा केलेला, आणि त्यावर पत्रा ठोकून बसविलेला. अ‍ॅशचें लांकूड हलकें, चिवट आणि धक्का सोसणारें. त्या देशांत कुदळी-फावड्यांचे दांडे त्याचेच करतात. परंतु पत्रा आणि लांकूड यांच्या सांदींत पाणी शिरलें कीं तें तेथेंच मुरतें. लांकूड आंतून कुजतें, पत्रा आंतून गंजतो, आणि वरचा रंग शेवटपर्यंत हंसत राहतो. आमच्या गाडीचा पत्रा उकलला तेव्हां दाराच्या खांबाचा खालचा भाग बोटानें चुरला. त्याहून वाईट म्हणजे, विकणाऱ्यानें तें पाहिलेलें होतें! कुजक्या जागेंत लांबी भरून, घांसून, वर सुरेख रंग चढविला होता. त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वरून कीर्तन आणि आंतून तमाशा करणारे लोक सर्व देशांत आहेत. पण त्या लांबीच्या भरंवशावर आमची सूनबाई बसली होती, ही गोष्ट मात्र माझ्या मनांतून अजून जात नाहीं.

मी चिरंजीवाला म्हणालों, ‘विकून टाक.’

तो म्हणाला, ‘काका, कोणाला विकूं? हें ठाऊक असूनहि सांगायचें नाहीं, असें करून विकूं? आणि सांगितलें तर घेणार कोण?’

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मी दिवा धरावयास लागलों.

उकलण्याच्या कामाची एक शिस्त असते, ती मीं तेथें प्रथम पाहिली. कुजका खांब काढण्यापूर्वीं दाराच्या मोकळ्या जागेंत तात्पुरत्या आडव्यातिडव्या पट्ट्या ठोकून सांगाडा जसा आहे तसा जखडून टाकतात. तसें न केलें तर आधार निघतांच सांगाडा सैलावतो आणि मग नवें दार कितीहि सरळ केलें तरी बसत नाहीं. दुसरें, काढलेला प्रत्येक बोल्ट, चकती, खिळा पुडींत घालून वर कोठला तें लिहून ठेवावयाचें. हें लिहिण्याचें काम मजकडे आलें. मीं बाळबोध वळणांत एकूण ३१२ पुड्या लिहिल्या. शेजारच्या गृहस्थांना त्यांतलें अक्षरहि कळेना. पण ते म्हणाले, ‘लिहिणाराला वाचतां आलें म्हणजे झालें. बहुतेक लोक लिहीतच नाहींत.’

बोल्टांची एवढी बडदास्त कां, तेंहि सांगतों. इंग्लंडांत १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ यानें स्क्रूंच्या आट्यांचें प्रमाण ठरविलें. त्यांचा कोन ५५ अंशांचा. या गाडीच्या एंजिनाचे आटे मात्र मिलीमीटरच्या मापाचे, आणि बोल्टांचीं डोकीं व्हिटवर्थच्या मापाचीं! झालें असें कीं, १९२३ सालीं विल्यम मॉरिस यानें कोव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच पेढीचा एंजिनांचा कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रें फ्रेंच मापाचीं होतीं, तीं तशींच चालूं ठेवलीं. पण इंग्रज कारागिराच्या पेटींतले पाने निरुपयोगी होऊं नयेत म्हणून डोकीं इंग्रजी ठेवलीं. पेशवाईंतील कागदांत फार्शी शब्दास मराठी प्रत्यय लागलेला असतो, तसाच हा प्रकार. परिणाम असा कीं, एक बोल्ट हरवला आणि बाजारांतला दिसण्यांत तसाच दुसरा आणून पिळला, तर तो दोन आटे जातो, अडतो, आणि जोर केल्यास एंजिनाचें भोंकच नासवितो. न समजतां केलेल्या जोराइतकें नुकसान काळहि करीत नाहीं.

आतां खरा प्रश्न आला. कुजकें काढावयाचें तें कितपत? चिरंजीवाच्या मनांत एकदांचा सगळाच सांगाडा नवा करावा असें होतें. तसे तयार सांगाडे मिळतात. खांब सोडवितांना त्याच्या आंतल्या बाजूस कोणा कारागिरानें १९४८ सालीं पेन्सिलीनें केलेल्या खुणा दिसल्या: एक आंकडा आणि एक तिरपी रेघ. कोणाच्या हातच्या, तें कधींच कळावयाचें नाहीं. शेजारच्या गृहस्थांनीं त्या खुणांवर अंगठा फिरविला आणि सांगितलें, ‘जें निरोगी आहे त्याला हात लावूं नका.’ मग कुजका भाग निरोगी लांकडापर्यंत कापून, तिरपा लांब छेद घेऊन, त्यास नव्या अ‍ॅशचा तुकडा सांधला. खांब निम्मा जुना, निम्मा नवा झाला. पेन्सिलीची रेघ जागच्या जागीं राहिली.

मला मिलिन्दपञ्हांतला रथ आठवला. त्या पालि ग्रंथांत भिक्षु नागसेन यवन राजा मिलिंद यास विचारतो कीं, आपण ज्या रथांतून आलां तो रथ म्हणजे काय? चाकें म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकास ‘नाहीं’ म्हणतो, आणि शेवटीं हे सर्व भाग मिळून जें होतें त्यालाच रथ हें नांव आहे अशा निर्णयास येतो. मग भाग बदलले तर रथ तोच कीं दुसरा? हा प्रश्न केवळ पोथींतला नव्हे; १९९० सालीं तो इंग्लंडच्या न्यायालयांत उभा राहिला. बेंटले कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीनें १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. १९३२ सालीं ब्रुकलंड्स येथें शर्यतींत ती मोडली व तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. पुढें ती पुन्हां बांधली गेली. १९९० मध्यें १ कोटि पौंडांस तिचा सौदा ठरला, तेव्हां घेणाऱ्यानें तक्रार केली कीं, ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ति ऑटन यांनीं १९२९ सालच्या गाडीचे भाग फारच थोडे उरले आहेत हें मान्य केलें, आणि तरीहि ती तीच गाडी असा निकाल दिला. कारण तिच्या इतिहासाचा धागा मध्यें कोठें तुटलेला नव्हता. म्हणजे जुनी वस्तु जुनी राहते ती सर्व तुकडे जुने असल्यानें नव्हे. तिची काळजी एका हातांतून दुसऱ्या हातांत न तुटतां गेली पाहिजे.

परंतु जुन्याचा हा अभिमान कोठें थांबवावा तेंहि शेजारच्या गृहस्थांनींच शिकविलें. गाडी थांबविणारा एकहि भाग त्यांनीं जुना ठेवूं दिला नाहीं. ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसत होत्या. त्यांनीं त्या वांकवून भेगा दाखविल्या आणि केराच्या डब्यांत टाकल्या. ब्रेकचें द्रव हवेंतलें पाणी ओढून घेतें आणि आंतून गंज धरवितें, म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावयाचें. पेट्रोलच्या नळ्याहि नव्या घातल्या. कारण २०२१ सालापासून ब्रिटनच्या साध्या पेट्रोलांत १० टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो आणि तो जुन्या रबरास खातो. टायरांवर नक्षी भरपूर होती, तरी वय झालें म्हणून तेहि काढले. ‘खूण जपायची ती खांबाची,’ ते म्हणाले. ‘जीव ज्यावर टांगला आहे त्याचें कौतुक करायचें नाहीं.’

ब्रिटनच्या कायद्यानें २०१८ सालीं ४० वर्षांहून जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षींची सक्तीची तपासणी माफ केली आहे. चिरंजीव मात्र ती स्वतः होऊन करवून घेणार आहे. ज्याला कोणी विचारणारा नाहीं त्यानें स्वतःला विचारावें, असा त्याचा न्याय.

सांधकाम महिना-दीड महिन्यांत संपलें. मला वाटलें, आतां सुटलों. तेव्हां समजलें कीं, दुरुस्तीला अंत असतो, देखभालीला नसतो. दर रविवारीं सकाळीं त्या मोटारीची जणूं पूजाच असते. प्रथम एंजिनांतील तेलाची पातळी पाहावयाची. दोन्हीं कार्बुरेटरांच्या डोक्यावरचीं टोपणें काढून आंत पातळ तेलाचे थेंब सोडावयाचे. पुढच्या चाकांच्या सांध्यांत पिचकारीनें ग्रीस भरावयाचें, तें जुनें काळें बाहेर येऊन नवें दिसेपर्यंत. मग चाकें. प्रत्येक आऱ्यावर पान्यानें हलकेंच ठोकीत जावयाचें. ताणलेला आरा किणकिणतो, ढिला आरा मुका राहतो. हें काम पुढें मजकडे आलें, कारण टाळ-मृदंगाच्या गांवचा कान इंग्रजापेक्षां बरा ठरला. चाकाच्या मध्यें दोन कानांचा एकच मोठा नट असतो, तो तांब्याच्या हातोड्यानें ठोकून घट्ट करावयाचा. गाडीच्या दोन बाजूंच्या नटांचे आटे परस्परांच्या उलट असतात, ते अशासाठीं कीं, चाक फिरतांना नट आवळला जावा, सुटूं नये. आणि सर्वांत शेवटीं, गाडी चालवावयाची. पांच-दहा मैल कां होईना, पण चांगली तापेपर्यंत. उभ्या गाडीचें तेल खालीं उतरतें, रबर ताठतें, ब्रेक धरून बसतात. वापरानें झिजते त्याहून ती न वापरल्यानें लवकर मरते.

निघण्यापूर्वींच्या रात्रीं मीं चिरंजीवाला म्हटलें, ‘दादांनीं मला चार शब्द सांगावयास पाठविलें होतें. वाड्याच्या पैशांचें काय?’

तो म्हणाला, ‘काका, बाबांनीं माझा निरोप शेवटपर्यंत वाचला का?’

त्यानें तो मला दाखविला. पहिली ओळ, ‘पैसे आतांच पाठवीत नाहीं.’ पुढें लिहिलें होतें कीं, गेल्या पावसाळ्यांत माजघराच्या भिंतीला ओल आलेली मीं पाहिली आहे. तुळयांचीं टोकें त्याच भिंतींत आहेत. रंग देण्याआधीं सुताराला बोलावून तीं टोकें उघडून पाहा. जो खर्च येईल तो माझा, माझ्या वांट्याहून अधिक झाला तरी माझाच. रंगासाठीं मात्र मी पैसे देणार नाहीं.

मीं तें दोनदां वाचलें. मला चार शब्द सांगावयास पाठविलें होतें. ते त्यानें तीन महिन्यांपूर्वींच लिहिलेले होते, आणि घरांत सहा सुशिक्षित माणसें असतां कोणीं वाचले नव्हते. त्यांत मीहि होतों. दादांनीं सांगितलें तेवढें मीं खरें धरलें.

वाईस परत आलों तो आषाढ लागला होता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं दादा निजले असतां मीं शिडी लावली आणि पेचकसाच्या मुठीनें माजघराच्या तुळया ठोकीत गेलों. पहिली भरीव. दुसरी भरीव. तिसरीच्या भिंतीकडच्या टोकाशीं तो अ‍ॅबिंग्डनचा बद्द आवाज आला. चौथीच्याहि. या दोन तुळयांखालींच मुंजीचे पाट मांडावयाचे ठरलें होतें.

आवाजानें दादा जागे होऊन उंबऱ्यांत उभे राहिले होते. मीं कांहीं न बोलतां पेचकस त्यांच्या हातांत दिला. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं ते शिडीच्या तीन पायऱ्या चढले, स्वतः ठोकून पाहिलें, पुन्हां ठोकलें, आणि खालीं उतरले. संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहींत. दिवेलागणीला त्यांनीं वहिनींकडून चष्मा मागून घेतला आणि मुलाचा तो निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

सुतार येऊन गेला. त्या दोन्ही तुळयांना खालून धिरे दिले आहेत. कुजकीं टोकें पावसाळा सरल्यावर कापून नवीं सागवानी सांधावयाचीं आहेत. तुळया अख्ख्या बदलाव्या असें तो म्हणत होता. दादांनीं विचारलें, ‘निरोगी लांकूड कां काढतोस?’ हें वाक्य त्यांना मीं शिकविलेलें नाहीं.

काल जेवतांना त्यांनीं सहज विचारल्यासारखें विचारलें, ‘त्याच्या त्या मोटारीचा रंग कोणता रे?’

मीं म्हटलें, ‘लाल होता. उकलतांना पुष्कळ निघाला. नवा अजून दिलेला नाहीं, दादा.’

‘नको घाई,’ दादा म्हणाले, आणि ताक मागितलें.